ख्वाब पाहण्याचा हक्क : उपेक्षितांच्या कल्पनाकथेचा शोध

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा सुरू झाली की ती आत्मकथन, सामाजिक कथा, गझल आणि वैचारिक लेख या चार वाटांपलीकडे सहसा जात नाही. १९९० साली सोलापुरात फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमचे जगणे आम्हीच लिहिणार, हा त्यामागचा आग्रह होता आणि तो रास्त होता. दंगलीनंतरचा मोहल्ला, तलाकपीडित बहीण, नाव ऐकताच भाड्याचे घर नाकारणारा मालक हे सगळे आपणच लिहायला हवे होते. ते लिहिले गेले. पण 'जगणे' या शब्दात फक्त काल आणि आज येतात काय? उद्याचे काय? शंभर वर्षांनंतरच्या जगात आपली मुले, आपली जबान, आपला मोहल्ला कसा असेल, याचा विचार कथेतून कुणी करायचा?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो जगातल्या काही उपेक्षित लेखकांमुळे. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भविष्यकथा या सगळ्यांना मिळून इंग्रजीत 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' असे नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर 'जर-तरची कथा'. जर असे झाले तर काय होईल, या एका प्रश्नावर ती उभी राहते. हा साहित्यप्रकार पुष्कळ काळ गोऱ्या, सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची मिरासदारी मानला गेला. यंत्रे त्यांची, ग्रह त्यांचे, भविष्यही त्यांचेच. पण इतिहास जरा खरवडून पाहिला की खाली दुसरी अक्षरे दिसू लागतात. स्त्रिया, काळे लेखक, समलिंगी लेखक, मुसलमान आणि दलित लेखक तिथे कितीतरी आधीपासून लिहीत होते. त्यांना शोधून काढावे लागले, आणि त्या शोधाचा इतिहास हाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अद्भुताशी आपले नाते उसने नाही. 'अलिफ लैला' ही अरबी कथांची खाण कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने मराठीत आणली आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या त्या गोष्टींवर वाढल्या. बाराव्या शतकात अंदालुसमध्ये इब्न तुफैलने 'हय्य इब्न यक्झान' लिहिली. माणूस नसलेल्या बेटावर वाढलेला एक मुलगा केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सृष्टीचे आणि तिच्या निर्मात्याचे ज्ञान मिळवतो, अशी ती कथा आहे. उर्दूत 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून निघत होते आणि लोक दास्तानगोंभोवती रात्ररात्र बसत होते. म्हणजे कल्पनेचे घर आपलेही होते. मधल्या काळात आपण तिथे राहायचे सोडले, एवढेच.

रंगपूरची रुकैया

आजच्या बांगलादेशातील रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी ९ डिसेंबर १८८० रोजी रुकैया सखावत हुसैन यांचा जन्म झाला. बंगाली वाचक त्यांना बेगम रोकेया म्हणतात. घर जमीनदाराचे आणि परदा कडक. मुलींनी अरबी वाचावे, बंगाली आणि इंग्रजीच्या वाटेला जाऊ नये, अशी रीत. थोरली बहीण करीमुन्निसा हिने त्यांना बंगालीची गोडी लावली आणि थोरला भाऊ इब्राहिम साबिर याने घरातले सगळे झोपल्यावर दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकवले. पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसैन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ते वयाने बरेच मोठे होते, पण त्यांनी पत्नीच्या वाचन-लेखनाला अडसर घातला नाही, उलट उत्तेजन दिले.

पती दौऱ्यावर असताना रुकैया यांनी इंग्रजीत एक छोटी कथा लिहिली, 'सुलतानाज ड्रीम' म्हणजे सुलतानाचे स्वप्न. १९०५ साली ती मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये छापून आली आणि १९०८ साली पुस्तकरूपाने निघाली. कथेतली सुलताना आरामखुर्चीत विचार करत बसलेली असते. तिला एक बाई बाहेर फिरायला घेऊन जाते. बाहेरचा देश म्हणजे 'स्त्रीराज्य'. तिथे पुरुष 'मर्दान्या'त बंद आहेत आणि स्त्रिया मोकळ्या रस्त्याने फिरतात. स्त्रियांची विद्यापीठे आहेत. एका विद्यापीठाने फुग्याच्या साहाय्याने ढगातले पाणी परस्पर खाली आणण्याची युक्ती काढली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, धूर नाही, काजळी नाही. शेजारच्या राजाने हल्ला केला तेव्हा पुरुषांचे सैन्य हरले. मग स्त्रियांनी सूर्याचे एकवटलेले किरण शत्रूवर सोडून लढाई जिंकली. मुलींची लग्ने एकवीस वर्षांच्या आत होत नाहीत. पोलीस आणि न्यायाधीश यांची गरजच उरलेली नाही.

पतीने ही कथा उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे उद्गार काढले, अशी आठवण सांगितली जाते. सूड म्हणा की विनोद, कथेची खरी ताकद तिच्या सरळ तर्कात आहे. सुलताना म्हणते, पुरुष बलवान असतात. त्यावर तिला उत्तर मिळते की सिंहही माणसापेक्षा बलवान असतो, म्हणून तो माणसांवर राज्य करत नाही. बाहेर धोका असेल तर धोकादायक प्राण्याला कोंडायचे की निरुपद्रवी माणसाला? परद्यावर शेकडो लेख लिहिले गेले असतील, पण दोन्ही बाजूंची अदलाबदल करून दाखवण्याची ही युक्ती लेखाला साधत नाही. त्यासाठी जर-तरची कथाच लागते.

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'हरलँड' ही स्त्रीराज्याची कादंबरी १९१५ मध्ये आली, म्हणजे रुकैयांनंतर दहा वर्षांनी. तरी इंग्रजी साहित्याच्या इतिहासात बराच काळ गिलमन होत्या आणि रुकैया नव्हत्या. न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने १९८८ साली रौशन जहाँ यांनी संपादित केलेली आवृत्ती काढली, त्यानंतर जगाचे लक्ष या कथेकडे वळले. २०२३ मध्ये स्पेनमधल्या दिग्दर्शिका इझाबेल एरगेरा यांनी या कथेपासून प्रेरणा घेऊन पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट काढला. २०२४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत या पुस्तकाची नोंद झाली. एका मुस्लिम स्त्रीची चिमुकली कथा जगाला सापडायला इतकी वर्षे लागली.

आणि रुकैया केवळ स्वप्न पाहून थांबल्या नाहीत. १९०९ मध्ये पती वारले. त्याच वर्षी त्यांनी भागलपुरात पाच मुलींना घेऊन शाळा काढली. सासरच्या कटकटींमुळे ती सोडून कलकत्त्याला यावे लागले, तेव्हा १९११ मध्ये आठ मुलींवर पुन्हा आरंभ केला. घरोघर जाऊन, परद्याची बंद गाडी पाठवण्याचे वचन देऊन त्यांनी मुली गोळा केल्या. कथेत विद्यापीठ बांधणारी बाई प्रत्यक्षात आठ मुलींची शाळा चालवत होती. स्वप्न आणि काम यांच्यात आपण जी भिंत घालतो, ती त्यांनी मानली नाही.

डॉ. आंबेडकरांचे पत्र आणि धूमकेतू

१९४६ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना एक पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आपण काळ्यांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत आणि अस्पृश्यांची स्थिती व काळ्यांची स्थिती यांत पुष्कळ साम्य आहे, असे बाबासाहेबांनी त्यात कळवले. दु बॉइस यांनी महिनाअखेरीस उत्तर पाठवून सहानुभूती व्यक्त केली. हा पत्रव्यवहार आता सर्वपरिचित आहे. याच दु बॉइस यांनी विज्ञानकथाही लिहिली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२० साली निघालेल्या 'डार्कवॉटर' या त्यांच्या पुस्तकात 'द कॉमेट' म्हणजे 'धूमकेतू' ही कथा आहे. न्यूयॉर्कच्या एका बँकेतला जिम नावाचा काळा निरोप्या तळघरात जुनी कागदपत्रे आणायला जातो. कारण तिथे जाण्याचे धोक्याचे काम कुणाला नको असते. नेमका त्याच वेळी धूमकेतू पृथ्वीजवळून जातो आणि त्याच्या विषारी वायूने शहर मरून पडते. जिम वर येतो तो सगळीकडे प्रेते. अखेर त्याला एक जिवंत माणूस भेटतो, श्रीमंत घरची गोरी तरुणी. जगात आपण दोघेच उरलो, असे वाटल्यावर काही तास त्यांच्यातला रंगभेद गळून पडतो. ती त्याच्याकडे माणूस म्हणून पाहू लागते. इतक्यात तिचा बाप आणि तिचा नियोजित वर मोटारीतून येतात. शहराबाहेरचे जग शाबूत असते. आणि एका क्षणात जिम पुन्हा 'काळा' होतो.

रंगभेद संपायला सारे जग मरावे लागते आणि जग परत आले की तोही परत येतो, हे सांगणारी ही कथा पुढे ऐंशी वर्षे विज्ञानकथेच्या इतिहासकारांच्या नजरेबाहेर राहिली. २००० साली शीरी रेनी थॉमस यांनी 'डार्क मॅटर' हा आफ्रिकी वंशाच्या लेखकांच्या शंभर वर्षांतील कल्पनाकथांचा संग्रह संपादित केला. त्यात 'धूमकेतू'ला जागा मिळाली. ताऱ्यांच्या भोवती जे दिसत नाही पण ज्याच्या ओढीमुळे आकाशगंगा एकत्र राहते, त्या कृष्णद्रव्याचे नाव थॉमस यांनी संग्रहाला दिले होते. लेखक होते, त्यांची ओढही होती. दिसत मात्र नव्हते.

महाराष्ट्राला हे नाते नवे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' लिहून काळ्यांचे साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. आपण तिथून कविता घेतली, आत्मकथन घेतले, घोषणा घेतली. जर-तरची कथा मात्र तिथेच राहिली.

नाव झाकण्याची गोष्ट

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात एक सुंदर प्रसंग आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या अक्षरात पाठवली होती. नावाच्या वजनामुळे परीक्षकांचे मत झुकू नये, हा त्यांचा प्रामाणिक हेतू. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा ही आठवण पुन्हा अनेकांनी काढली.

पण नाव झाकण्याची दुसरीही कारणे असतात. अमेरिकेत १९६७ साली ॲलिस शेल्डन नावाच्या बाईने दुकानातल्या मार्मालेडच्या बरणीवरून 'टिपट्री' हे आडनाव उचलले आणि 'जेम्स टिपट्री ज्युनियर' या पुरुषी नावाने विज्ञानकथा लिहायला सुरुवात केली. दहा वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. हे लेखन स्त्रीचे असणे शक्यच नाही, असे एका नामवंत लेखकाने १९७५ मध्ये प्रस्तावनेत छापून दिले. त्यानंतर दोनच वर्षांत खरे काय ते उघड झाले. ज्युली फिलिप्स यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून आणखी एक गोष्ट पुढे आली. स्त्रियांविषयी वाटणारी ओढ शेल्डन यांनी जन्मभर मनात दाबून ठेवली होती. त्यांच्या कथांमधली परग्रहवासीयांबद्दलची तहान, दुसऱ्या कुठल्या तरी जगात निघून जाण्याची तळमळ कुठून येत होती, हे मग वाचकांच्या ध्यानात आले.

नारळीकरांनी नाव झाकले कारण ते फार मोठे होते. शेल्डन यांनी झाकले कारण खऱ्या नावाने ते दार तसेच उघडले नसते. मराठीत बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. आपल्यातही घर बघायला जाताना, नोकरीसाठी फोन करताना आडनाव पुटपुटणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हार्लेमचा डिलेनी, पॅसाडीनाची बटलर

सॅम्युएल डिलेनी यांचा जन्म १९४२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. वडिलांचा अंत्यविधीचा व्यवसाय होता. विशीतच त्यांच्या कादंबऱ्या छापून आल्या आणि 'बेबल-१७' व 'द आइन्स्टाइन इंटरसेक्शन' या कादंबऱ्यांना नेब्युला पुरस्कार मिळाले. डिलेनी काळे होते आणि समलिंगीही होते. आपले हे आयुष्य त्यांनी पुढे १९८८ च्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले.

त्यांची 'आय, अँड गोमोरा' ही १९६७ ची कथा आपल्या वाचकांना थांबून विचार करायला लावील. शीर्षकात हजरत लूत अलैहिस्सलाम यांच्या कथेतल्या बुडालेल्या नगरीचे नाव आहे. अवकाशातल्या किरणोत्सर्गात काम करण्यासाठी काही मुलांना लहानपणीच लिंगभावरहित केले जाते. पृथ्वीवर आले की लोक त्यांच्याकडे टक लावून बघतात, काहींना त्यांचे वेडही लागते, पण आपले म्हणून कुणी त्यांना जवळ करत नाही. ही कथा आली तेव्हा अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. सरळ बोलता येत नव्हते, म्हणून डिलेनींनी अवकाशवीरांच्या तोंडून एकटेपण बोलून दाखवले. कथा वाचून कुणाचा मजहबी निर्णय बदलावा, असे त्यात काही नाही. पण दुरून बोट दाखवलेल्या माणसाच्या आत काय चालते, ते मात्र कळते.

१९६८ ची त्यांची 'नोव्हा' ही कादंबरी क्रमशः छापण्यासाठी जॉन कॅम्पबेल यांच्याकडे गेली होती. कॅम्पबेल म्हणजे त्या काळचे सर्वांत वजनदार विज्ञानकथा-संपादक. कादंबरी आवडली, पण नायक काळा आहे आणि आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही, असा निरोप आल्याचे डिलेनींनी नंतर लिहिले. हजारो वर्षांनंतरचे भविष्य, ताऱ्यांमधला प्रवास, सगळे चालत होते. काळा नायक तेवढा चालत नव्हता.

ऑक्टेव्हिया बटलर यांचा जन्म १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथला. वडील बूटपॉलिश करत, ते लवकर वारले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करी. मागच्या दाराने आत जाणारी आई आणि तिच्याशी तुसडेपणाने बोलणाऱ्या मालकिणी मुलीने डोळ्यांनी पाहिल्या. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरच्या बाईचा एक टुकार सिनेमा बघून, यापेक्षा चांगली गोष्ट आपण लिहू, असे तिला वाटले. काळी माणसे लेखक होत नसतात, असे मावशीने प्रेमानेच समजावले. मुलीने ऐकले नाही. पहाटे उठून लिहायचे आणि दिवसा मिळेल ती मजुरी करायची, अशी वर्षे गेली. १९७० मध्ये क्लॅरियन लेखन कार्यशाळेत तिला डिलेनी शिक्षक म्हणून भेटले.

१९७९ ची त्यांची 'किन्ड्रेड' ही कादंबरी आम्हाला सर्वांत जवळची वाटते. १९७६ सालची काळी लेखिका डेना कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरातून अचानक दीडशे वर्षे मागे, गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिथला गोरा मालकपुत्र रूफस तिचा पूर्वज आहे. तो जगला तरच तिचा वंश जन्माला येणार. म्हणजे जुलमी माणसाला तिनेच वारंवार वाचवायचे. आपल्या रक्तात कुणाचे रक्त आहे, हा प्रश्न ज्या समाजांना रोज विचारला जातो, त्या समाजांना या कादंबरीचा चटका जास्त बसेल. शेवटी डेना परत येते, पण तिचा एक हात भूतकाळात राहून जातो. इतिहासातून कुणी सहीसलामत बाहेर पडत नाही, हे बटलर एका प्रतिमेत सांगून जातात.

१९९५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानकथालेखकाला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९९३ ची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी २०२४ सालापासून सुरू होते : पाण्याची टंचाई, वणवे, भिंतींआड राहणाऱ्या वस्त्या. १९९८ च्या दुसऱ्या भागात अमेरिकेला पुन्हा महान करू म्हणणारा आणि परधर्मीयांच्या जिवावर उठणारा राष्ट्राध्यक्ष आहे. बटलर २००६ मध्ये वारल्या. २०२० मध्ये महामारीच्या दिवसांत ही जुनी कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत जाऊन बसली. बटलर भविष्य सांगत नव्हत्या. मोलकरणीच्या मुलीला समाज तळातून दिसला होता, आणि तळाला पडलेल्या भेगा आधी तळातल्यांनाच दिसतात.

शोधणारे हात

हे लेखक आपोआप सापडले नाहीत. कुणीतरी बसून याद्या केल्या, संग्रह काढले, संस्था चालवल्या. १९८३ मध्ये एरिक गार्बर आणि लिन पेलिओ यांनी 'युरेनियन वर्ल्ड्स' ही सूची प्रसिद्ध केली. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांत समलिंगी माणसे कुठे कुठे येतात, याची ती पुस्तकागणिक नोंद होती. इंटरनेटच्या आधीच्या काळात हे केवढे कष्टाचे काम असेल! १९९१ मध्ये टिपट्रीच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. १९९९ मध्ये 'कार्ल ब्रँडन सोसायटी' स्थापन झाली. या नावामागची गंमत कडवट आहे. १९५० च्या दशकात अमेरिकन विज्ञानकथाप्रेमींच्या वर्तुळात कार्ल ब्रँडन नावाचा एक काळा लेखक प्रसिद्ध होता. नंतर कळले की काही गोऱ्या मित्रांनी मिळून रचलेले ते खोटे पात्र होते. वर्तुळातला नामांकित काळा माणूसच मुळी काल्पनिक निघाला. म्हणून खऱ्या काळ्या आणि इतर वंशांच्या लेखकांनी आपल्या संस्थेला मुद्दाम तेच नाव दिले. बटलर यांच्या मृत्यूनंतर याच संस्थेने त्यांच्या नावाने नवोदितांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

१९९८ मध्ये डिलेनींनी विज्ञानकथेतल्या वंशभेदावर एक निबंध लिहिला. त्यातले दोन मुद्दे आपल्या उपयोगाचे आहेत. पहिला असा : आपले आणि बटलर यांचे लेखन अगदी वेगळ्या जातीचे असूनही संयोजक आपल्याला कायम एकाच व्यासपीठावर बसवतात. 'मुस्लिम साहित्यिकांचा परिसंवाद' एवढ्याच सत्रासाठी ज्यांना बोलावणे येते, त्यांना हे वाचून हसू येईल आणि वाईटही वाटेल. दुसरा मुद्दा असा : काळे लेखक एक-दोन आहेत तोवर सगळे गोड बोलतील. ते तेरा, पंधरा, वीस टक्के झाले की खरा विरोध सुरू होईल.

तसेच झाले. २०१३ पासून 'सॅड पपीज' नावाच्या गटाने ह्यूगो पुरस्कारांच्या मतदानात आपल्या पसंतीच्या याद्या घुसवायला सुरुवात केली. पुरस्कार गुणांवर न मिळता वंश आणि लिंग पाहून मिळतात, अशी त्यांची तक्रार होती. २०१५ मध्ये अशा यादीवाल्यांनी नामांकनांचा मोठा भाग व्यापला, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत 'कुणालाच पुरस्कार नाही' असा कौल दिला. त्यानंतर एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेला 'ब्रोकन अर्थ' या मालिकेतल्या तीन कादंबऱ्यांसाठी २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला. असे याआधी कुणाच्याही बाबतीत घडले नव्हते. २०१९ मध्ये हाँगकाँगला जन्मलेल्या जेनेट एन्ग यांनी कॅम्पबेल यांच्या नावाचा पुरस्कार घेताना, त्याच व्यासपीठावरून कॅम्पबेल यांच्या विचारांचा जाहीर निषेध केला. त्याच महिन्यात पुरस्काराचे नाव बदलले गेले. 'नोव्हा'च्या नायकाला मिळालेल्या नकाराचे उत्तर पन्नास वर्षांनी आले.

आपल्या दारापर्यंत

मुसलमान लेखकांनीही ही वाट पुन्हा धरली आहे. इराकी लेखक अहमद सादावी यांची 'फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद' अरबीत २०१३ मध्ये आली आणि तिला २०१४ चा अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाँबस्फोटांत मेलेल्यांचे तुकडे शिवून एक भंगारवाला देह तयार करतो, म्हणजे निदान त्या तुकड्यांचे दफन तरी व्हावे, आणि तो देह उठून चालू लागतो. २०१६ मध्ये 'इराक + १००' हा संग्रह निघाला. अमेरिकी आक्रमणाला शंभर वर्षे झाल्यावर, २१०३ मध्ये आपले शहर कसे असेल, असा प्रश्न त्यात इराकी लेखकांना विचारला होता. २०१९ च्या 'पॅलेस्टाइन + १००' मध्ये लेखकांनी २०४८ साल कल्पिले. ज्यांचे आजचे घरच शिल्लक राहील की नाही याची शाश्वती नाही, त्यांनी शंभर वर्षांनंतरचे घर लिहायचे, याला फार मोठा धीर लागतो.

आपल्या देशातही आरंभ झाला आहे. इंद्रा दास यांची 'द डिव्हावरर्स' ही कादंबरी मुघल काळातल्या हिंदुस्थानात आणि आजच्या कोलकात्यात घडते. शाहजहानच्या काळातली सायरा ही मुस्लिम तरुणी तिच्या केंद्रस्थानी आहे. रूप बदलणाऱ्या नरभक्षकांच्या या कथेत स्त्री-पुरुष ही चौकटच वितळते. २०१७ मध्ये तिला समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्यांच्या साहित्यासाठीचा लॅम्डा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी ॲलेक्झांड्रा पियर्स यांच्यासह 'ल्युमिनसन्ट थ्रेड्स' हा ग्रंथ संपादित केला. जगभरच्या लेखक-वाचकांनी ऑक्टेव्हिया बटलर यांना लिहिलेली पत्रे त्यात आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी दु बॉइसना पत्र लिहिले होते. एकाहत्तर वर्षांनी एक दलित लेखिका मोलकरणीच्या त्या काळ्या मुलीला लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक काढते.

आपल्यापैकी काहींना हा प्रश्न पडेल की यात समलिंगी लेखकांचा विषय कशाला? आपल्या घरांत त्यावर बोलणे टाळले जाते, हे आम्हाला माहीत आहे. पण इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' १९४२ मध्ये आली, त्यावरून लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला झाला आणि त्या सुटल्या. म्हणजे हा विषयही बाहेरून आलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. मजहबी मसल्यांवर आलिमांनी बोलावे. साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र जे घडले ते लिहायचे असते. आणि घडले ते असे की या साहित्यप्रकाराचे बंद दार ज्यांनी ढकलले, त्यांत काळे होते, स्त्रिया होत्या, समलिंगी होते आणि परद्यातली एक बंगाली मुसलमान बाईही होती. दाराच्या एका फळीवर एकच हात होता, असे आपण म्हणू शकत नाही. 'तुम्ही आमच्यात बसत नाही' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते दुसऱ्याला ऐकवण्यापूर्वी आपली जीभ अडखळली पाहिजे.

आपल्या नवोदितांना आमचे सांगणे थोडक्यात असे. मोहल्ल्याची दास्तान लिहाच, ती अजून संपलेली नाही. पण एखादी कथा २०९० सालच्या सोलापुरात, समुद्र आत शिरलेल्या मुरुडमध्ये, मंगळावर चाँद कसा पाहायचा यावर वाद घालणाऱ्या वस्तीतही घडू द्या. तिथे अमीना इंजिनियर असू द्या, तिची नानी तिला कोकणी मुसलमानी बोलीत रागावू द्या. प्रस्थापितांच्या भविष्यात आपल्याला जागा नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा आपले भविष्य आपण लिहिलेले बरे. रुकैयांपाशी साधन म्हणून एक लेखणी होती आणि रात्रीच्या दिव्यावर शिकलेली परकी भाषा. आपल्याजवळ मराठी आहे, आणि ती आपली मायबोली आहे.